जोरजोरात श्वास घेतल्यावर डोळ्यांपुढे अंधारी का येते? ऑक्सिमीटर तर 99 दाखवतो

अमळनेरची_ताई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण शेवटपर्यंत वाचा, घरात दोन मतं झालीत आणि आबांच्या डोळ्यांचा विषय आहे म्हणून विचारतेय.

दिवाळीनंतर आमच्या कॉलनीच्या मैदानावर सकाळी साडेपाचला योगाचा वर्ग सुरू झाला. मी जाते आणि सोबत वडील पण येतात, वय 71, त्यांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, रोज रात्री थेंब टाकतो आम्ही. आसनं वगैरे छान होतात, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण शेवटी भस्त्रिका असते ती खूप फास्ट करायला लावतात, छाती भरून आत आणि जोरात बाहेर, मिनिटाला चाळीस-पन्नास तरी, आणि असं सलग चार-पाच मिनिटं. मला तिसऱ्या मिनिटाला ओठांभोवती मुंग्या येतात, मग बोटांच्या टोकांना, आणि मागच्या सोमवारी तर उजव्या हाताची बोटं आपोआप एकमेकांना चिकटून चोच केल्यासारखी झाली, सरळ करता येईनात. डोळ्यांपुढे कडेकडेने काळं होत आलं, समोरच्या बाईची हिरवी साडी तेवढी दिसत होती, आजूबाजूचं काहीच नाही. दोन मिनिटं शांत बसले तेव्हा सगळं जागेवर आलं. आबा पण घरी येताना म्हणे, "डोयासमोर अंधारी उनी व बाई."

वर्ग घेणारे दादा मनाने फार चांगले आहेत, एक रुपया घेत नाहीत. ते म्हणतात मेंदूत पहिल्यांदाच एवढा ऑक्सिजन जातोय, शरीराला सवय नाही, चालू ठेवा. मी करोनातला ऑक्सिमीटर कपाटातून काढून नेला आणि करताना बोटाला लावला, तर आधी 96-97 होता तो 99 झाला, एकदा 100 पण दाखवला. म्हणजे ऑक्सिजन वाढतोय हे तर खरं दिसतंय. मग अंधारी का? ऑक्सिजन वाढला तर उलट जास्त लख्ख दिसायला पाहिजे ना? आणि आबांना करू द्यायचं की नाही? भाऊ म्हणतो काही होत नाही करू दे, मला मात्र धाकधूक वाटते.

सातपुड्याचा_पायथा

ताई मी तीन वर्षं झाली रोज कपालभाती करतो, मला असं कधीच झालं नाही, उलट दिवसभर डोकं हलकं राहतं. मला वाटतं तुमचा स्पीड जास्त होतोय, कमी करा पण बंद करू नका.

धुळे_ओटी

ताई, मी धुळ्यात ऑपरेशन थिएटरमध्ये भूल विभागात टेक्निशियन आहे, 14 वर्षं झाली, रोजचं काम श्वास आणि ऑक्सिजनचंच आहे म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या दादांचा हेतू चांगला असेल पण ते जे सांगताय ते बरोबर उलटं आहे. अशा श्वासाने मेंदूला आणि डोळ्याला ऑक्सिजन कमी मिळतो.

आधी तुमच्या मशीनचं बघू. ऑक्सिमीटर फक्त एवढंच सांगतो की बोटातल्या रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के भरलंय. ते रक्त मेंदूपर्यंत किती पोचतंय आणि पोचल्यावर त्यातला ऑक्सिजन सुटतोय का, हे त्याला कळायचा मार्गच नाही. आणि 97 चं 99 होणं म्हणजे किती वाढलं ते हिशोबाने बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिली ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन 15 असेल तर 100 मिली रक्तात 97 टक्क्यांना साडेएकोणीस मिली झालं, आणि पूर्ण 100 टक्के भरलं तरी वीस. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन असतो तो तर 100 मिलीला 0.3 मिली, जोरात श्वास घेऊन त्यात आणखी चिमूटभर पडेल. म्हणजे गाडी आधीच भरलेली आहे, तुम्ही अजून पोती आणून ठेवताय पण चढवायला जागाच नाही.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे कोणी बघतच नाही, ती म्हणजे कार्बन डायऑक्साइड. लोकांच्या डोक्यात बसलंय की तो घाण वायू, जितका बाहेर तितका चांगला. पण मेंदूच्या रक्तवाहिन्या किती उघड्या ठेवायच्या हे शरीर मुख्यतः त्याच्यावरून ठरवतं. रक्तातला त्याचा दाब 35 ते 45 असतो, साधारण 40 धरा. तो एक अंकाने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा दोन ते चार टक्क्यांनी उतरतो. मेंदूला मिनिटाला जवळपास पाऊण लिटर रक्त लागतं, वजन शरीराच्या दोन टक्के पण ऑक्सिजन खातो वीस टक्के. तुम्ही छाती भरून चाळीस-पन्नासच्या स्पीडने श्वास मारला की दोन-तीन मिनिटांत हा 40 चा आकडा पंचविशीपर्यंत येऊ शकतो, आणि मग त्या पाऊण लिटरमधला तिसरा हिस्सा गेला असं समजा. हे आजचं ज्ञान नाही, 1946 साली अमेरिकेत सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी तरुण धडधाकट माणसांना मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावून मेंदूचा रक्तप्रवाह मोजला होता, तेव्हाही तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास कमी भरला होता.

मी हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून इतकं ठामपणे लिहितोय. डोक्याचं ऑपरेशन असतं, कवटीचं हाड काढलेलं, मेंदू सुजून वर आलेला असतो, सर्जनला आत काम करायला जागा नसते. अशा वेळी ते भूलतज्ज्ञ मॅडमना सांगतात की जरा कार्बन डायऑक्साइड उतरवा. मॅडम व्हेंटिलेटरचा रेट वाढवतात, मॉनिटरवरची लाट 38 वरून 35, 32, 30 अशी खाली यायला लागते, आणि काही मिनिटांत तो वर आलेला मेंदू हळूहळू खाली बसतो, कारण वाहिन्या आवळून आतलं रक्त कमी झालं. ऑक्सिजनचा आकडा त्या सगळ्या वेळात 100 वरच असतो, हलत पण नाही. म्हणून मॅडम ते थोड्याच वेळापुरतं करतात आणि फार खाली जाऊ देत नाहीत, जास्त उतरवलं तर आधीच मार लागलेला मेंदू उपाशी पडतो. डोक्याला मार लागलेल्या पेशंटला उगाच बरेच तास असा फास्ट श्वास देऊन ठेवू नये असं आता सगळीकडे मानतात.

यात अजून एक आहे, बोर इफेक्ट. ख्रिस्तियन बोर म्हणून डेन्मार्कचे शास्त्रज्ञ होते, अणूवाले नील्स बोर त्यांचा मुलगा, त्यांनी 1904 साली दाखवलं की कार्बन डायऑक्साइड जिथे जास्त तिथे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं आणि कमी झाला की धरून बसतं. म्हणजे मेंदूकडे रक्त कमी गेलं आणि जे गेलं त्यातला ऑक्सिजन पण सहज सुटेना, दोन्हीकडून तोटा. तुमचा तो 99 चा आकडा थोडा यामुळे पण वाढलेला असतो, हिमोग्लोबिनने मूठ घट्ट केलेली असते म्हणून.

मुंग्या आणि चोचीसारखा हात: कार्बन डायऑक्साइड उडून गेला की रक्त अल्कलाइन होतं, मग रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रोटीनला जाऊन चिकटतं, मोकळं कॅल्शियम कमी पडलं की नसा चेकाळतात. ओठ, बोटं, मग हात वळणं हाच क्रम असतो. तुमचा हात वळेपर्यंत गेलं म्हणजे आकडा बराच खाली गेला होता ताई.

पायथ्याच्या भाऊंना का होत नाही ते पण सांगतो. कपालभातीत पोटाचा झटका असतो आणि श्वास छोटा. प्रत्येक श्वासातली पहिली दीडशे मिलीच्या आसपास हवा नुसती नाक-घसा-श्वासनळीत येऊन परत जाते, फुप्फुसाच्या कामाला येतच नाही. श्वास छोटा असला की बरीचशी हवा तिथेच ये-जा करते, कार्बन डायऑक्साइड फार उतरत नाही. उन्हात कुत्रं जीभ काढून धापा टाकतं ते असंच, म्हणून ते चक्कर येऊन पडत नाही. भस्त्रिकेत छाती पूर्ण भरते आणि स्पीड पण असतो, तिथे गडबड होते. आणि कोणी विचारायच्या आधीच लिहितो, पोलीस भरतीची पोरं 1600 मीटर पळताना धापा टाकतात त्यांना का होत नाही? कारण पळताना स्नायू कार्बन डायऑक्साइड तयार पण तेवढाच करत असतात, जमा-खर्च बरोबर राहतो. मैदानावर मांडी घालून बसून पळाल्यासारखा श्वास घेतला की नुसता खर्च होतो, जमा काही नाही.

घाबरू नका, निरोगी माणसाला यातून कायमचं नुकसान सहसा होत नाही, थांबलं की काही मिनिटांत आकडा परत येतो, आणि वाहिन्या पण एका मर्यादेपलीकडे आवळत नाहीत. पण याला प्रगती समजून "चालू ठेवा" म्हणणं चूक आहे. आणि आबांचं डोळ्याचं मी बोलणार नाही, त्यातलं कोणी असेल तर लिहा.

पारोळा_एक्सप्रेस

धुळे भाऊ एक विचारायचं होतं. माझी पुतणी बारावीला आहे, प्रॅक्टिकलच्या दिवशी घाबरून असाच भराभर श्वास घ्यायला लागली, हात वळले, डोळे पांढरे, आम्ही सगळे हादरलो. शेजारच्या काकूंनी प्लॅस्टिकची पिशवी तोंडाला लावायला सांगितली, बाहेर गेलेला वायू परत आत जातो म्हणे. मी लावू दिली नाही. बरोबर केलं का?

धुळे_ओटी

एकदम बरोबर केलं भाऊ. पूर्वी कागदी पिशवी सांगायचे, आता कोणी सांगत नाही, आणि प्लॅस्टिकची तर कधीच नाही. कारण भराभर श्वास घेणारा प्रत्येक माणूस घाबरलेलाच असतो असं नाही. दमा असेल, न्यूमोनिया असेल, हार्ट अटॅक असेल, शुगरचा पेशंट असेल आणि रक्तात ॲसिड वाढलं असेल तर शरीर मुद्दाम जोरात श्वास घेतं, तिथे पिशवी लावली तर जीव जायचा. पहिल्यांदाच असं झालं असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळे दिसत असतील, ताप असेल किंवा माणूस वयस्कर असेल तर सरळ दवाखाना गाठायचा.

आणि आधी तपासून झालंय, घाबरल्यामुळेच होतं हे माहीत आहे, तर मुलीला खाली बसवा, गर्दी बाजूला करा, तिच्यासमोर बसून तुम्ही स्वतः हळू श्वास घ्या आणि तिला तुमच्याबरोबर घ्यायला सांगा, नाकाने आत, आणि बाहेर सोडताना आत घेतल्यापेक्षा जास्त वेळ, मनात चार आणि सहा मोजायचे. "दीर्घ श्वास घे, दीर्घ श्वास घे" असं ओरडू नका, तिचा श्वास आधीच जास्त होतोय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये 45 डिग्रीत पण हा प्रकार होतो, अंग तापलं की श्वास आपोआप वाढतो आणि चक्कर त्यातून अजून वाढते, तेव्हा आधी सावली, पाणी आणि अंग गार करणं.

नजर_जळगाव

मी जळगावला ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळ्याचं थोडं मी लिहिते.

डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, दोन वेगळ्या लाइनींमधून रक्त येतं. आतल्या थरांना मधल्या एका बारीक धमनीच्या फांद्यांमधून, आणि मागच्या थराला, जिथे उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, त्याला मागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून, त्याला कोरॉइड म्हणतात. आतल्या फांद्या मेंदूच्या वाहिन्यांच्याच सख्ख्या बहिणी समजा, कार्बन डायऑक्साइड उतरला की त्या पण आवळतात. पडदा सगळा मिळून पाव मिलिमीटरच्या आसपास जाड, पण वजनाच्या मानाने शरीरातल्या सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी तो एक. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, उजेड ओळखणाऱ्या त्या पेशी अंधारात जास्त ऑक्सिजन वापरतात, उजेडात कमी. ताई तुमचा वर्ग साडेपाचला, हिवाळ्यात तेव्हा अजून झुंजूमुंजू पण नसतं, म्हणजे मागणी जास्त आणि पुरवठा आवळलेला अशी वेळ आहे ती.

कडेने काळं होत येणं यात पडदा आणि मेंदूचा बघायचा भाग, दोघांचा वाटा असू शकतो. डोळ्याची अजून एक अडचण म्हणजे आत स्वतःचा दाब असतो, नॉर्मल 10 ते 21, आणि रक्ताला त्या दाबाला ढकलून आत शिरावं लागतं. म्हणूनच माणूस चक्कर येऊन पडतो तेव्हा शुद्ध जायच्या आधी नजर जाते, तुम्ही कोणालाही विचारा, "आधी काळं झालं मग पडलो" असंच सांगतात.

आता आबांकडे. काचबिंदूत नेमकं हेच गणित बिघडलेलं असतं, आतला दाब जास्त किंवा नस नाजूक, त्यामुळे नसेला रक्त आधीच काठावर मिळतं. तिथे रोज सकाळी पाच मिनिटं पुरवठा आवळायचा हे मला तरी पटत नाही. नुसत्या फास्ट श्वासाने डोळ्याचा दाब वाढतो असं मी म्हणणार नाही, दाबाची भीती दुसऱ्या गोष्टींची आहे, श्वास कोंडून जोर लावणं, कुंभक करून बंध लावणं, आणि सगळ्यात जास्त शीर्षासन. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो हे मोजलेलं आहे. वर्गात शीर्षासन, सर्वांगासन असेल तर आबांना अजिबात करू देऊ नका, मला ती काळजी भस्त्रिकेपेक्षा पण जास्त आहे.

आणि ताई, हे नीट वाचा. काचबिंदूत पण नजर कडेनेच जाते. आबा म्हणाले अंधारी आली तर आपण सगळे भस्त्रिकेवर ढकलून मोकळे होऊ, पण कडेची नजर खरंच कमी होत असेल आणि ती आता लक्षात आली असेल तर? शेवटची फील्ड टेस्ट कधी केली होती? ती मोठ्या वाटीसारख्या मशीनमध्ये तोंड घालून ठिपका दिसला की बटण दाबायची टेस्ट. वर्ष झालं असेल तर करून घ्या. शिवाय 71 व्या वर्षी एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं होऊन गेलं असेल तर ते मानेच्या धमनीचं लक्षण पण असतं, म्हणून त्यांना विचारा की दोन्ही डोळ्यांना झालं की एकाच, आणि हे डॉक्टरांना सांगा. थेंब मात्र एक दिवस पण चुकवू नका.

बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक भागाला, कॉर्नियाला, या सगळ्याने काही होत नाही, तो ऑक्सिजन थेट हवेतून अश्रूंमार्फत घेतो.

रावेर_केळी

विषय थोडा वेगळा आहे पण हाच आहे म्हणून लिहितो, आणि ज्यांच्या घरात पोहणारी पोरं आहेत त्यांनी कृपया वाचा.

आमच्याकडे मे महिन्यात सगळी पोरं विहिरीवर. मी दहावीची परीक्षा दिली होती, काकाचा मुलगा माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठा, गावात त्याच्याइतका दम कोणाचाच नव्हता. पैज लागायची कोण तळाची माती आणतो आणि कोण जास्त वेळ खाली राहतो. त्याची युक्ती अशी की काठावर बसून वीस-पंचवीस वेळा भात्यासारखा श्वास ओढायचा आणि मग सूर मारायचा, म्हणे छातीत हवा साठवून घेतो. त्या दिवशी पण तसंच केलं. आम्ही वर मोजत होतो, साठ झाले, ऐंशी झाले, आम्ही खुश की आज रेकॉर्ड होणार. पाणी एकदम शांत होतं, ना बुडबुडे ना हातपाय. आम्हाला वाटलं मजेत बसलाय खाली. आमचा सालदार मोटर चालू करायला आला होता, त्याने पाणी बघितलं आणि ओरडला "पोऱ्या वर येत नही भो" आणि कपड्यांसकट उडी टाकली. वर काढला तेव्हा ओठ जांभळे, अंग ढिलं. पालथा केला, पाठीवर थापलं, नशीब बलवत्तर म्हणून खोकला आला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणे मला काहीच झालं नव्हतं, श्वास घ्यावासा पण वाटला नव्हता, छान वाटत होतं आणि मग एकदम तुम्ही दिसले.

ते "श्वास घ्यावासा पण वाटला नव्हता" मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. धुळेवाल्या भाऊंचं वाचल्यावर आज कळतंय असं वाटतं, बरोबर आहे का सांगा. श्वास घ्यायची घाई कार्बन डायऑक्साइडमुळे होते ना? तो त्याने काठावरच उडवून टाकला होता.

धुळे_ओटी

शंभर टक्के बरोबर समजले दादा. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते, ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना फार उशिरा आणि फार हळू आवाजात येते. काठावर भाता मारून त्याने ऑक्सिजन वाढवला नाही, पण धोक्याची घंटा काढून ठेवली. खाली ऑक्सिजन नेहमीच्याच वेळेला संपला, घंटा वाजायच्या आधी शुद्ध गेली. म्हणून असे बुडणारे धडपडत नाहीत, चांगले पोहणारेच असतात आणि वरच्यांना कळतच नाही. तुमच्या सालदाराने पाणी बघून ओळखलं, त्या माणसाला हात जोडतो.

आणि सगळ्यांसाठी, बुडालेल्याला पालथं घालून पाठ थोपटण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर उताणं ठेवून तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, दुसऱ्याने 108 ला फोन करायचा.

नंदुरबारची_सिस्टर

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे, अक्कलकुवा-धडगावकडे बरीच वर्षं काढली. इथे सिकलसेलचं बोललंच पाहिजे असं मला वाटतं, कारण आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार आहे आणि योगवर्ग आता आश्रमशाळांमध्ये पण होतात.

सिकलसेलमध्ये ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांमध्ये अडकतात. मेंदूच्या वाहिन्या या मुलांच्या आधीच अरुंद झालेल्या असू शकतात, लहान वयात लकवा होतो तो त्यामुळे. डोळ्यात पण पडद्याच्या कडेच्या बारीक नळ्या बंद पडतात, मग तिथे नवीन कच्च्या नळ्या फुटतात आणि त्यातून रक्तस्राव होतो, मुलाला बरेच दिवस काहीच कळत नाही. अशा मुलाला जोरजोरात श्वास घ्यायला लावून मेंदूचा पुरवठा अजून आवळायचा म्हणजे आगीत तेल.

हे मी मनाचं सांगत नाही. ज्यांनी फिट्ससाठी मुलांचा ईईजी काढलाय त्यांना आठवत असेल, डोक्याला वायरी लावून तीन मिनिटं सारखा जोरात श्वास घ्यायला लावतात, लहान मुलाला कागदाची भिंगरी देऊन फुंकायला सांगतात. कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या लहरी मंदावतात आणि काही मुलांना जो टक लावून गप्प होण्याचा झटका असतो तो तिथेच पकडता येतो. म्हणजे डॉक्टर लोक या परिणामाचा मुद्दाम उपयोग करतात. पण सिकलसेलचा पेशंट असेल, नुकताच लकवा झालेला असेल, किंवा हृदय-फुप्फुसाचा मोठा आजार असेल तर ती तीन मिनिटं वगळतात. ईईजीच्या खोलीत, सगळी सोय असताना जे टाळतात ते मैदानावर का करायचं?

सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 पासून देशभर सुरू आहे, तपासणी फुकट होते. तुमच्या वर्गातल्या कोणाला असेल किंवा घरात कोणाला असेल तर वर्ग घेणाऱ्याला आधी सांगून ठेवा, मुलं लाजून सांगत नाहीत, फास्ट श्वास सगळ्यांबरोबर करतात आणि मग अंग दुखतंय म्हणून घरी झोपून राहतात.

सातपुड्याचा_पायथा

सिस्टर, माझ्या भाच्याला सिकलसेल आहे आणि तो मागच्या महिन्यात माझ्यासोबतच बसून करायचा. मला हे माहीतच नव्हतं. आजच बहिणीला फोन करतो. मी वर "बंद करू नका" लिहिलं होतं ते माझ्या अनुभवावरून, अमळनेरच्या ताई, तुम्ही ते धरू नका.

अमळनेरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, सहा दिवसांनी लिहितेय कारण करून बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी वर्गाचं. धुळे भाऊंनी लिहिलेलं मी मोबाइलवर दादांना वाचून दाखवलं, ऑपरेशनमधला मेंदू खाली बसतो तो भाग दोनदा वाचला. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले मला जसं शिकवलं तसं मी शिकवत आलो, मला वाटायचं मुंग्या येणं म्हणजे शक्ती जागी होतेय. आता भस्त्रिका फक्त वीस श्वास, ते पण हळू, मग एक मिनिट साधा श्वास, आणि मुंग्या आल्या की तिथेच थांबायचं असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. त्याच वेळी तीन बायका म्हणाल्या की आम्हाला पण बोटं वळल्यासारखी व्हायची, आम्ही लाजून बोललो नव्हतो. मागच्या रांगेतल्या एका आजोबांना दोन वर्षांपूर्वी लकवा होऊन गेलाय हे पण तेव्हाच कळलं, इतके दिवस ते सगळ्यांच्या बरोबरीने भाता मारत होते.

मी ऑक्सिमीटर परत लावून बघितला. हळू श्वास, नाकाने, बाहेर सोडायला जास्त वेळ, असं दहा मिनिटं. आकडा 97, मध्ये एकदा 96. आधी मला हे कमी वाटलं असतं. पण मुंग्या नाहीत, काळं नाही, समोरच्या बाईच्या साडीचे काठ पण दिसत होते आणि तिच्या बाजूला बसलेले आबा पण.

आबांना विचारलं की अंधारी दोन्ही डोळ्यांना आली होती का. ते म्हणाले लक्ष नाही दिलं. मग मी त्यांना एक एक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लावलं, मधल्या तारखेकडे बघत राहा आणि कडेचे आकडे दिसतात का ते सांगा. उजव्याने सगळे दिसले. डाव्याने बघताना ते थांबले, आणि म्हणाले वरच्या कोपऱ्यातले नाही दिसत व, ते कधीपासून दिसत नाही ते नाही सांगता येत. भस्त्रिका करून चार दिवस झाले होते तेव्हा. नजर_जळगाव ताई, शेवटची फील्ड टेस्ट सव्वा वर्षापूर्वीची निघाली, फाइलमध्ये कागद सापडला. गुरुवारची वेळ मिळाली आहे, भाऊ पण येतोय सोबत. रिपोर्ट आला की इथेच टाकते.

नजर_जळगाव

गुरुवारी जाताना तो जुना कागद सोबत न्या ताई, नवीन टेस्ट त्याच्या शेजारी ठेवूनच कळतं किती फरक पडला ते. आणि आबांनी थेंब कधी कधी चुकवले असतील तर रागावू नका, डॉक्टरांना खरं सांगू द्या.